पाळणाघरात एकदम बरीच मुलं आजारी पडली तर तपास कसा करायचा

दुपारी तीनला एक मूल ओकतं, साडेतीनला अजून दोघं, चार वाजता एका आईचा फोन येतो की घरी नेल्यावर याला पण सुरू झालंय. आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात कोणीतरी घाबरून उरलेलं सगळं अन्न कचऱ्यात टाकतं आणि भांडी घासायला घेतं. वाईट हेतूने नाही हो, उलट चांगल्याच हेतूने, की अजून कोणाच्या पोटात जायला नको. पण तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तिथेच गेला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, काहीही फेकू नका, काहीही धुऊ नका. उरलेलं अन्न झाकून, त्यावर नाव, तारीख, वेळ लिहून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा आणि "खायचं नाही, टाकायचं नाही" अशी चिठ्ठी लावा. जे फ्रिजमधलं ते फ्रिजमध्येच राहू दे, जे फ्रीझरमधलं ते फ्रीझरमध्येच. फ्रिजमधलं उचलून मुद्दाम गोठवायचं नाही कारण काही जंतू गोठवल्यावर मरतात आणि मग लॅबला काहीच सापडत नाही. कच्च्या मालाची पाकिटं आणि त्यावरचे बॅच नंबर पण जपा.

दुसरं काम म्हणजे स्थानिक आरोग्य विभागाला फोन. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. एकत्र राहणाऱ्या किंवा एकत्र जेवणाऱ्या दोन किंवा जास्त जणांना सारखाच त्रास झाला की तो उद्रेक असू शकतो एवढं धरून चालायचं, "अजून थोडी वाट बघू" म्हणण्यात जे दोन दिवस जातात तेच सगळ्यात महाग पडतात. पाळणाघर चालवणाऱ्यांना वाटतं की कळवलं तर आपलं नाव खराब होईल. मला ती भीती समजते. पण लपवल्यावर जे होतं ते त्याच्यापेक्षा फार वाईट असतं, आणि तिथे खरी किंमत मोजतात ती दोन वर्षांची पोरं.

आता खरंच उद्रेक आहे का ते बघायला हजेरीपट काढा. मागच्या तीन चार आठवड्यांत रोज साधारण किती मुलं आजारी म्हणून गैरहजर होती आणि आज किती, एवढ्यावरून अंदाज येतो. लहान मुलांना एरवी पण जुलाब होतच असतात, औषधं चालू असताना वगैरे, त्यामुळे एका खोलीत एकाला झाले म्हणजे लगेच स्वयंपाकघरावर बोट दाखवायचं नाही.

मग ठरवायचं की "केस" कोणाला म्हणायचं. हे कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय पुढचं सगळं डळमळीत होतं. त्यात चार गोष्टी हव्यात, कोण, कुठे, कधी आणि काय त्रास. म्हणजे असं काहीतरी लिहा: "या पाळणाघरातलं मूल किंवा कर्मचारी, ज्याला सोमवार सकाळपासून गुरुवार रात्रीपर्यंत उलटी झाली किंवा २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ शी झाली." यात कुठल्याही पदार्थाचं नाव घालायचं नाही! "ज्याने भात खाल्ला आणि उलटी झाली" अशी व्याख्या केली तर भातच दोषी निघणार, दुसरं काय निघणार. डायपरमधल्या बाळांची शी एरवी पण सैलच असते, त्यांच्यासाठी "नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त पातळ" असं धरा. पुढे लॅबचा रिपोर्ट आला की त्यातल्या काही केस पक्क्या, बाकीच्या संभाव्य, असे दोन गट करता येतात.

यानंतर यादी. एका ओळीत एक मूल. वय, कुठल्या खोलीत असतं, त्रास कधी सुरू झाला, काय काय झालं, किती वेळ चाललं, डॉक्टरकडे नेलं का, ॲडमिट केलं का, घरात अजून कोणी आजारी आहे का, सॅम्पल दिलं का. यातला सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे सुरू झाल्याची वेळ, नुसती तारीख नाही. "मंगळवारी" हे उत्तर घेऊ नका. "मंगळवारी झोपून उठल्यावर का आधी? जेवणाच्या आधी का नंतर?" असं विचारलं की आईबाबांना बरोबर आठवतं. आणि कर्मचाऱ्यांना यादीतून वगळू नका, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, वाढणाऱ्या, डायपर बदलणाऱ्या, अगदी त्या दिवशी थोडंसं चाखून बघणारी व्यक्ती पण. मोठी माणसं स्वतःच्या तोंडाने सांगू शकतात, हा केवढा फायदा आहे.

वेळ एवढी का जपायची ते सांगते. जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा काळ, ज्याला इन्क्युबेशन म्हणतात, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. स्टॅफिलोकोकसचं विष असेल तर अर्ध्या तासापासून ८ तासांत, आणि मुख्य त्रास उलट्यांचा. बॅसिलस सेरिअसचा उलट्यांचा प्रकार पण तसाच, अर्धा ते ६ तास. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सला ६ ते २४ तास लागतात आणि त्यात जुलाब आणि पोटात कळा, उलट्या फार नाहीत. नोरोव्हायरस १२ ते ४८ तास. साल्मोनेला बहुतेक वेळा ६ ते ७२ तास आणि सोबत ताप. शिगेला साधारण १ ते ३ दिवस. शिगा विष बनवणारा ई. कोलाय, ज्यात रक्ताचे जुलाब होतात, बहुतेक वेळा ३-४ दिवस, पण १ ते १० पर्यंत जाऊ शकतो. हिपॅटायटिस ए तर १५ ते ५० दिवस. म्हणजे जेवल्यावर तीन तासांत ओकायला लागलेल्या मुलांमागे साल्मोनेला शोधत बसायचं कारण नाही, आणि रक्ताचे जुलाब लागलेल्या मुलाला आजचं जेवण विचारून उपयोग नाही, मागच्या आठवड्याचं विचारावं लागेल. बरेच जण शेवटचं जे खाल्लं त्यालाच दोष देतात, आईबाबा तर देतातच पण डॉक्टर मंडळी पण कधी कधी देतात.

सगळ्या वेळा एका साध्या ग्राफवर मांडा. आडव्या रेषेवर वेळ, उभ्यावर केसेस, एक मूल म्हणजे एक चौकोन. चौकटीच्या कागदावर पेन्सिलने केलं तरी चालतं. एकदम चढून एकदम उतरणारा एकच डोंगर दिसला तर सगळ्यांनी साधारण एकाच वेळी एकच काहीतरी खाल्लं-प्यायलं असावं. एक छोटा उंचवटा, मग दोन दिवसांनी त्याहून मोठा, मग अजून एक, असं दिसलं तर तो एकापासून दुसऱ्याला पसरतोय. आणि पाळणाघरात खूपदा हेच असतं. डायपर, हात, खेळणी, सगळं तोंडात घालायची सवय. शिगेलाला १०-१०० जंतू पुरतात, नोरोव्हायरसचे पण अगदी थोडे कण पुरतात. म्हणून अन्नाचा तपास करताना मनात एक प्रश्न कायम ठेवायचा, हे नक्की अन्नातूनच आलंय का? ज्या तान्ह्या बाळांना पाळणाघरातलं जेवण दिलंच जात नाही, घरून आणलेल्या बाटलीवरच असतात, तीही तेवढ्याच प्रमाणात आजारी असतील तर स्वयंपाकघरापेक्षा डायपर बदलायच्या टेबलाकडे आधी बघा. पाण्याची टाकी, पाण्यात खेळायचा टब, आणि मुलांनी एखाद्या प्राण्याला हात लावलाय का, हेही त्याच यादीत. दोन्ही एकत्र पण असतं, पहिली लाट जेवणातून आणि दुसरी हातातून.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच लोक चुकतात. जेवणाची चौकशी फक्त आजारी मुलांची करायची नाही. जी ठणठणीत आहेत त्यांची पण करायची, तेच प्रश्न, त्याच पद्धतीने. उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. ४८ मुलं जेवली, १९ आजारी पडली. आजारी १९ पैकी १८ जणांनी फळं खाल्ली होती, १७ जणांनी भात आणि १६ जणांनी चिकन. नुसतं एवढंच बघितलं तर वाटेल फळंच. पण आता न आजारी पडलेल्यांना धरून मोजा. फळं एकूण ४४ जणांनी खाल्ली, त्यातले १८ आजारी, म्हणजे ४१ टक्के. न खाणारे ४, त्यातला १ आजारी, २५ टक्के. चिकन खाणारे ३८, त्यातले १६ आजारी म्हणजे ४२ टक्के, न खाणारे १० आणि त्यातले ३ म्हणजे ३० टक्के. भात खाणारे ३०, आजारी १७, म्हणजे ५७ टक्के, आणि न खाणारे १८, त्यातले आजारी फक्त २, म्हणजे ११ टक्के. आता टक्क्याला टक्क्याने भागा. फळांचं येतं १.६, चिकनचं १.४, आणि भाताचं ५. भात खाणाऱ्याला आजारी पडायची शक्यता न खाणाऱ्याच्या पाचपट. फळं जवळपास सगळ्यांनीच खाल्ली होती म्हणून ती आजारी मुलांच्या यादीत पण जास्त दिसत होती, बस एवढंच. ही साधी भागाकाराची गोष्ट आहे पण तिच्यामुळे निरपराध पदार्थ आणि निरपराध माणूस दोन्ही वाचतात.

भात न खाता आजारी पडलेली ती दोन मुलं राहिलीच. त्यांच्यामुळे गोंधळू नका, त्यांना खोडूनही टाकू नका. कदाचित शेजारच्याच्या ताटातलं खाल्लं असेल, कदाचित एकाच चमच्याने सगळं वाढलं असेल, कदाचित नोंद चुकली असेल, कदाचित त्यांना वेगळंच काहीतरी झालं असेल. आकडे थोडे असताना योगायोगाने पण असा फरक दिसू शकतो म्हणून कोणा जाणकाराकडून तो तपासून घ्या, फिशरची चाचणी नावाची संख्याशास्त्रातली पद्धत छोट्या आकड्यांसाठीच असते. आणि हाच हिशोब खोलीनुसार वेगळा करून पण बघा. समजा भात फक्त मोठ्या मुलांच्या खोलीत दिला होता आणि आजार पण तिथेच पसरलाय, तर दोष भाताचा का त्या खोलीचा? त्याच खोलीतल्या खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या मुलांची आपसात तुलना केली की उलगडतं.

पण दोन वर्षांच्या मुलाने काय खाल्लं हे विचारायचं कोणाला! तोच तर या कामातला कठीण भाग. आईला माहीत नसतं कारण ती तिथे नव्हती, आणि मूल सगळ्याला "हो" म्हणतं. म्हणून मेनूचा कागद, खोलीतल्या ताईंची रोजची नोंदवही, आईबाबांना पाठवलेले फोटो, जेवणाच्या वेळी कोण झोपलं होतं, कोण लवकर घरी गेलं, सगळं गोळा करा. हजेरी असली तरी ते मूल जेवायच्या वेळी होतं का हे वेगळं बघा. छापलेल्या मेनूवर विश्वास ठेवू नका, त्या दिवशी खरंच काय शिजलं ते स्वयंपाक करणाऱ्यांना विचारा. मेनूत नसलेल्या गोष्टी तर हमखास सुटतात, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सहलीला दिलेला ज्यूस, घरच्या डब्यातला वाटून खाल्लेला घास. फोनवर बोलताना उत्तर सुचवायचं नाही. "त्याने तो भात खाल्ला का हो?" असं न विचारता सगळे पदार्थ एकामागून एक त्याच सुरात वाचा.

शीचं सॅम्पल लवकर घ्या, त्रास चालू असतानाच, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. पाच सहा मुलांची तरी मिळाली तर बरं, एका रिपोर्टवर उद्रेकाचं नाव ठरत नाही. डायपर शी शोषून घेतो म्हणून आत प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावायची, मग लॅबने दिलेल्या डब्यात चमच्याने घ्यायचं, डबा थंड ठेवायचा आणि लवकर पोचवायचा. लॅबला नुसता डबा देऊ नका, तोंडाने सांगा की उद्रेक आहे, मुलांना असा असा त्रास आहे, जेवल्यापासून इतक्या तासांनी सुरू झाला. व्हायरस किंवा विषाच्या चाचण्या नेहमीच्या तपासणीत असतीलच असं नाही, त्या मागाव्या लागतात. बॅसिलस सेरिअस तर निरोगी माणसाच्या शीत पण सापडू शकतो, त्यामुळे तिथे उरलेल्या अन्नाचा रिपोर्ट जास्त बोलतो, अन्नात ग्रॅममागे १ लाख किंवा जास्त जंतू निघाले तर संशय पक्का होतो. म्हणूनच सुरुवातीला ते फेकू नका म्हणाले.

स्वयंपाकघरात जाताना पोलिसासारखं जाऊ नका. ज्या बाईंनी तो स्वयंपाक केलाय त्यांना रात्रभर झोप नसते, आणि घाबरलेलं माणूस पुस्तकात लिहिलेलं उत्तर देतं, खरं नाही. "तुम्ही चुकलात कुठे" असं न म्हणता "त्या दिवशी सकाळी आल्यापासून काय काय केलंत ते मला दाखवाल का" असं म्हणा, आणि त्यांच्या सोबत चुलीपासून फ्रिजपर्यंत चाला. संशय असलेल्या पदार्थाचा पूर्ण प्रवास लिहून काढा, कुठून आला, कधी शिजला, कशात ठेवला, किती वेळ बाहेर होता, परत कधी गरम केला, कोणी कशाने वाढला. आपल्या उदाहरणातला भात आदल्या संध्याकाळी मोठ्या खोल पातेल्यात शिजवून रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर गोष्ट जुळते. बॅसिलस सेरिअसचे बीजाणू, म्हणजे त्याचं उष्णता सोसणारं बीजासारखं रूप, शिजवताना मरत नाहीत, कोमट भातात परत वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष पुन्हा उकळून पण जात नाही. "पण आम्ही चांगला वाफाळता गरम केला होता" हे अगदी खरं असू शकतं आणि तरीही मुलं आजारी पडू शकतात.

५ ते ६० डिग्री सेल्सिअसच्या मधे अन्न किती वेळ होतं हा प्रश्न धरून बसा. गरम अन्न २ तासांत २१ डिग्रीपर्यंत आणि पुढच्या ४ तासांत ५ च्या खाली यायला हवं, आणि मोठं भरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवून पण मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, पसरट उथळ ताटात काढलं तरच निवतं. फ्रिजच्या दारावरच्या आकड्यावर जाऊ नका, स्वतःचा थर्मामीटर लावा, आणि तो आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का बघा. कच्चं मांस आणि खायला तयार अन्न एकाच पाटावर चिरतात का, हात धुवायचं बेसिन वेगळं आहे का का तिथेच डायपरचं पण काम होतं, बोटावर जखम आहे का, मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं कोणी आजारी असून कामावर आलं होतं का. शेवटचा प्रश्न एकट्यात विचारा. रजेचा पगार कापला जातो म्हणून माणसं जुलाब लागलेले असताना कामावर येतात, हे बदलणं मालकाच्या हातात आहे, त्या बाईंच्या नाही.

जेवण बाहेरून येत असेल तर पहिल्याच तासात विचारा की तेच जेवण अजून कुठे कुठे जातं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात असंच झालं, एका सामायिक स्वयंपाकघरातून बऱ्याच डे-केअरना जेवण जात होतं आणि ई. कोलायने ४०० च्या वर लोक आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं, कित्येकांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. नंतरच्या तपासात मीट लोफ (खिम्याची भाजलेली वडी) आणि व्हीगन लोफ (तशीच, पण मांसाशिवाय) असलेलं जेवण सगळ्यात संशयास्पद ठरलं. अशा वेळी तुमच्या इथल्या पाच केसेस म्हणजे हिमनगाचं टोक असतं फक्त.

हे सगळं चालू असताना पसरणं थांबवायचं काम थांबत नाही, रिपोर्टची वाट बघायची नाही. संशयित पदार्थ बंद. आजारी मूल घरी, त्रास थांबल्यावर किमान २४ तास, नोरोव्हायरसचा संशय असेल तर ४८, आणि अन्न हाताळणाऱ्यांनी तर ४८ तास नक्कीच. शिगेला किंवा शिगा विषाचा ई. कोलाय निघाला तर लहान मुलांना परत घ्यायच्या आधी शीचा रिपोर्ट निगेटिव्ह लागतो, सहसा दोनदा, आरोग्य विभाग सांगेल तसं करा. डायपर बदलणारीने त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही. खोल्यांमधली मुलं एकमेकांत मिसळायची नाहीत. पाण्याचे खेळ, मातीचे गोळे बंद. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने, कारण सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. फरशी आणि खेळणी आधी साबणाने धुऊन मग ब्लीच, ५ टक्क्यांचं असेल तर १ भागाला एकूण ५० भाग होतील एवढं पाणी, रोज ताजं बनवायचं, ५-१० मिनिटं तसंच ओलं ठेवायचं आणि दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. तोंडात जाणारी खेळणी नंतर पाण्याने धुऊन घ्या.

आईबाबांना त्याच दिवशी कळवा, तुमच्याकडून कळलं नाही तर ग्रुपवरून कळेल आणि ते जास्त भयंकर असतं. काय झालंय, किती मुलांना, कोणाला कळवलंय, पुढे काय, एवढं सरळ लिहा. कुठल्याही मुलाचं नाव नाही, आणि खात्री होईपर्यंत कुठल्या पदार्थाला किंवा माणसाला दोष नाही. आणि त्यात हे ठळक लिहा: शीतून रक्त, ६-८ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी नाही, मूल सुस्त पडलंय, पाणी पण पोटात टिकत नाही, तर लगेच डॉक्टर. ओआरएस थोडं थोडं पाजत राहा. जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला स्वतःहून देऊ नका आणि रक्त असेल तर अँटिबायोटिक पण मनाने नको, कारण शिगा विषाच्या ई. कोलायमध्ये त्याने किडनीचा धोका वाढू शकतो. तो धोका, ज्याला एचयूएस म्हणतात, पाच वर्षांखालच्या मुलांना सगळ्यात जास्त असतो आणि तो जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवडाभराने, म्हणजे बरेचदा जुलाब कमी होत असताना दिसतो. मूल पांढरं पडलं, लघवी कमी झाली, तर "आता बरं होतंय" म्हणून थांबू नका. शीतून रक्त गेलेल्या किंवा हा ई. कोलाय निघालेल्या मुलांच्या घरी तुम्ही दोन आठवडे रोज एक फोन करा असं मी सांगेन, तपास संपला असला तरी.

संपला कधी म्हणायचं? शेवटच्या केसनंतर त्या जंतूच्या सगळ्यात लांब इन्क्युबेशनच्या दुप्पट काळ गेला आणि नवीन कोणी आजारी पडलं नाही, तर. जंतू सापडला नाही तरी रिपोर्ट लिहा, बऱ्याच तपासांत तो सापडतच नाही, पण ग्राफ, टक्के आणि स्वयंपाकघरातली पाहणी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर दुरुस्ती करायला तेवढं पुरतं. दुरुस्ती सांगताना "स्वच्छता राखावी" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. "भात त्याच दिवशी शिजवायचा, उरलेला ठेवायचा नाही, फ्रिजचं तापमान सकाळ संध्याकाळ वहीत लिहायचं, डायपर टेबलाजवळ वेगळं बेसिन या महिन्यात बसवायचं" असं लिहा, प्रत्येकापुढे माणसाचं नाव आणि तारीख. आणि उद्यापासूनच हजेरीपटात एक रकाना वाढवा, मूल आलं नाही तर का आलं नाही, त्यात ताप, उलटी, जुलाब यांची वेळेसकट नोंद.